शुक्राकडे निघालेलं यान ५३ वर्षांनी हिंदी महासागरात कसं काय पडलं?

१० मे २०२५, शनिवार. त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांचं लक्ष सीमेवर होतं, टीव्हीवर दुसरं काही चालूच नव्हतं, आणि त्या गडबडीत एक बातमी कधी आली कधी गेली ते बऱ्याच जणांना कळलंच नाही. रशियाच्या अंतराळ संस्थेने, म्हणजे रोसकॉसमॉसने, सांगितलं की १९७२ साली सोडलेलं कॉसमॉस ४८२ नावाचं यान आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ११ वाजून ५४ मिनिटांनी, मिडल अंदमान बेटाच्या पश्चिमेला साधारण ५६० किलोमीटरवर, वातावरणात शिरलं आणि जकार्ताच्या पश्चिमेला हिंदी महासागरात पडलं.

माझ्या मावशीने कुठेतरी हे वाचलं आणि मला फोन केला. तिचे दोनच प्रश्न होते. अरे ते शुक्रावर सोडलेलं ना, मग आपल्याकडे कसं आलं? आणि पडायचंच होतं तर त्याच वर्षी का नाही पडलं, एवढी वर्षं होतं कुठे? मी फोनवर जे काय सांगितलं ते मलाच धड वाटलं नाही, म्हणून जरा नीट बसून वाचलं आणि आता लिहितोय. तिच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर खरंतर एकच आहे. या यानाला पृथ्वीपासून सुटायला जेवढा धक्का हवा होता त्याच्या जवळपास अर्धाच मिळाला. आणि अंतराळात अर्धा धक्का ही फार विचित्र गोष्ट आहे, तुम्ही खालीही येत नाही आणि सुटूनही जात नाही. आपल्याकडे त्रिशंकूची गोष्ट आहे ना, तसंच झालं.

आधी हे होतं काय

साठ-सत्तरच्या दशकात सोव्हिएत युनियनने शुक्राचा अक्षरशः ध्यास घेतला होता. पृथ्वी आणि शुक्र एकमेकांच्या सोयीच्या जागी साधारण १९ महिन्यांनी एकदा येतात, तेव्हाच यान सोडणं परवडतं, आणि प्रत्येक वेळी शक्यतो दोन यानं सोडायची अशी त्यांची पद्धत होती कारण एक तरी पोचेल. १९६१ चं व्हेनेरा १ अर्ध्या रस्त्यात गप्प झालं, त्याच्याशी संपर्कच तुटला. १९६६ मधे व्हेनेरा ३ शुक्रावर जाऊन आदळलं पण तिथून काही कळवू शकलं नाही. १९६७ मधे व्हेनेरा ४ ने शुक्राच्या हवेतून पहिल्यांदा आकडे पाठवले. डिसेंबर १९७० मधे व्हेनेरा ७ जमिनीवर टेकलं आणि दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून पृथ्वीला काहीतरी कळवणारं ते पहिलं यान ठरलं. एवढ्या अपयशातून वर येत येत हे लोक इथपर्यंत आले होते हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण अपयशाची बातमी वाचतो तेव्हा त्याच्या मागची रांग आपल्याला दिसत नाही.

मग १९७२ मधे पुढची जोडी. २७ मार्चला व्हेनेरा ८ गेलं आणि चार दिवसांनी ३१ मार्चला सोव्हिएत युनियनच्या बैकोनूर या अंतराळ तळावरून त्याचं जुळं भावंड निघालं. तेच आपलं कॉसमॉस ४८२. सगळं नीट झालं असतं तर त्यालाही व्हेनेराच म्हटलं असतं.

यानाचे दोन भाग होते. एक मुख्य सांगाडा, जो कॅप्सूलला शुक्रापर्यंत घेऊन जाणार होता. आणि दुसरी ती कॅप्सूल, साधारण एक मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, वजन ४९५ किलोच्या आसपास. म्हणजे अडीच बुलेट गाड्यांचं वजन एका मोठ्या पिंपाएवढ्या जागेत ठासून भरलेलं. एवढं दणकट कशाला? तर शुक्रावर हवेचा दाब आपल्या ९० पट आहे आणि तापमान ४६५ अंशाच्या आसपास. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या साधारण दुप्पट असतो, त्यावरून ९० पट म्हणजे काय ते बघा. समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यावर जेवढा दाब लागतो तेवढा. त्यात आणि तिथल्या दाट हवेत प्रचंड वेगाने घुसताना जो दणका बसतो तोही सोसायचा, तो आपल्या गुरुत्वाच्या ३०० पट धरून ही कॅप्सूल बांधली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंतराळात जाणं म्हणजे वर जाणं नाही

इथे बहुतेकांची गडबड होते, माझीही व्हायची. आपल्याला वाटतं रॉकेट वर वर जातं आणि एका उंचीनंतर गुरुत्वाकर्षण संपतं आणि मग वस्तू तरंगते. तसं काही नसतं. २०० किलोमीटर उंचीवरसुद्धा पृथ्वी जवळजवळ तेवढ्याच जोराने खाली ओढते.

समजा तुम्ही हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाला उभे आहात आणि आडवा दगड फेकला. तो थोडा पुढे जाऊन खाली पडेल. अजून जोरात फेकला तर अजून लांब पडेल. आता हवा नाहीच असं धरा आणि दगड इतक्या जोरात फेका की तो जितका खाली येतोय तितकीच पृथ्वीची गोलाई त्याच्या खालून वळत जाते, मग तो पडतच राहतो पण जमीन काही लागत नाही. यालाच कक्षा म्हणतात. उपग्रह सतत पडत असतो, फक्त त्याचा नेम चुकत असतो. त्यासाठी लागणारा वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर. मुंबई-पुणे वीस सेकंदात.

आणि पृथ्वीपासून कायमचं सुटून दुसऱ्या ग्रहाकडे जायचं तर हाच वेग ११ किलोमीटरच्या वर न्यावा लागतो. तेव्हाची पद्धत अशी होती की आधी यान पृथ्वीभोवतीच्या खालच्या कक्षेत आणायचं, तिथे थोडा वेळ फिरू द्यायचं आणि मग बरोबर जागा आली की रॉकेटचा शेवटचा टप्पा पेटवून पुढचा धक्का द्यायचा. रिंग रोडवर येऊन थांबायचं आणि आपला हायवे आला की गाडी दामटायची, तसं. यात शेवटचा टप्पा किती सेकंद जळतो यावर सगळं अवलंबून असतं.

टायमर

व्हेनेरा ८ च्या वेळी तो नीट जळला. कॉसमॉस ४८२ च्या वेळी मधेच बंद पडला. टायमर चुकीचा लावलेला होता असं मानलं जातं. इंजिन फुटलं नाही, इंधन संपलं नाही, यानात काही बिघाड नव्हता, फक्त इंजिनला वेळेआधी सांगितलं गेलं की झालं, थांब.

यान ज्या कक्षेत अडकलं तिच्या आकड्यांवरून हिशेब करता येतो. पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं की २०५ किलोमीटर आणि सगळ्यात लांब गेलं की ९,८०० किलोमीटर, अशी लांबट अंड्यासारखी कक्षा होती. त्या कक्षेत खालच्या टोकाला वेग येतो सेकंदाला साधारण ९.३ किलोमीटर. म्हणजे ७.८ वरून निघालं, ११ च्या पुढे जायचं होतं आणि पोचलं ९.३ ला. धक्क्याचा जवळपास अर्धा भाग मिळाला आणि अर्धा राहिला.

नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका डोळ्यासमोर आणा. कोणीतरी जोरात ढकललं की तो वर जातो आणि परत येतो. यान तसंच झालं, लांब ९,८०० किलोमीटरपर्यंत जायचं, तिथून पृथ्वी ओढून घ्यायची, वेगात खाली यायचं, आपल्या हवेला जरासा स्पर्श करायचा आणि परत वर. सुरुवातीला अशी एक फेरी सुमारे तीन तास वीस मिनिटांची होती.

मग नाव कॉसमॉस का?

सोव्हिएत लोकांचा नियम होता, शुक्राकडे यशस्वीपणे निघालं तरच व्हेनेरा हे नाव जाहीर करायचं. पृथ्वीभोवतीच अडकलं तर त्याला कॉसमॉस म्हणायचं आणि एक नंबर द्यायचा. कॉसमॉस हे शेकडो उपग्रहांचं सरसकट नाव होतं, त्यामुळे बाहेरच्याला कळू नये की हे खरंतर शुक्राचं यान होतं. व्हेनेरा ७ च्या जोडीदाराचंही असंच झालं होतं, तो कॉसमॉस ३५९ म्हणून नोंदला गेला.

पण लपवालपवी फार टिकली नाही कारण काही तुकडे लगेच खाली आले. खालच्या कक्षेत राहिलेले भाग ४८ तासांतच पडले आणि ३ एप्रिल १९७२ च्या रात्री न्यूझीलंडमधे अ‍ॅशबर्टनजवळच्या शेतांमधे टायटॅनियमचे लालबुंद गोळे येऊन आदळले, प्रत्येक साधारण साडेतेरा किलोचा. पीक जळालं, जमिनीत खड्डे पडले, सुदैवाने माणसाला काही झालं नाही. तिथल्या शास्त्रज्ञांनी वेल्डिंग आणि खुणा बघून सांगितलं की हे सोव्हिएत बनावटीचे आहेत. सोव्हिएत युनियनने हात वर केले, आमचे नाहीत म्हणाले. मग नियमाने वस्तू परत द्यायची तर द्यायची कोणाला, शेवटी ज्याच्या शेतात पडले त्याचेच ते झाले.

एखाद्या देशाच्या यानातून दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याच्या शेतात तापलेलं धातू पडतं आणि मालक म्हणतो माझं नाही, हे मला आजही वाचताना खटकतं.

५३ वर्षं का लागली?

आता मावशीचा दुसरा प्रश्न. तुम्ही झोक्यावर बसलाय आणि थांबायचंय तर काय करता? खाली आलात की पाय जमिनीला घासता. प्रत्येक वेळी थोडंसंच घासलं जातं पण पुढच्या वेळी झोका आधीपेक्षा कमी वर जातो. नीट बघा, पाय घासला खाली आणि उंची कमी झाली ती वरच्या टोकाला. कक्षेतही अगदी हेच होतं.

२०० किलोमीटरवर हवा जवळजवळ नसतेच पण अगदीच शून्य नसते. कॉसमॉस ४८२ दर फेरीत खालच्या टोकाला आलं की त्या विरळ हवेला घासायचं, वेग किंचित कमी व्हायचा आणि पुढच्या वेळी ते ९,८०० च्या ऐवजी थोडं कमी वर जायचं. मग अजून थोडं कमी. फेरी तीन तास वीस मिनिटांवरून लहान होत होत शेवटी दीड तासाची झाली, अंड्यासारखी कक्षा हळूहळू गोल होत गेली, आणि एकदा का ती पूर्ण खाली आली, म्हणजे प्रत्येक क्षणी यान दाट हवेत घासतंय अशी वेळ आली, की मग शेवट काही दिवसांत होतो. ५३ वर्षांत याने पृथ्वीभोवती लाखाहून जास्त फेऱ्या मारल्या. आपल्यातले बरेच जण जन्मले, शाळेत गेले, नोकरीला लागले, रिटायर झाले आणि हे वर फिरतच होतं.

यात अजून एक गंमत आहे. यानाचा मुख्य सांगाडा १९८१ मधेच पडला. कॅप्सूल मात्र २०२५ पर्यंत राहिली, दोघं निघाले एकाच कक्षेतून. कारण साधं आहे. थर्मोकोलचा खोका आणि दगडी वरवंटा एकाच वाऱ्यात ठेवले तर वारा कोणाला ढकलेल? आकाराच्या मानाने जी वस्तू जड असते तिला विरळ हवा फार त्रास देऊ शकत नाही. शुक्रासाठी जो दणकटपणा दिला होता तोच तिला चाळीसेक वर्षं जास्त वर ठेवून गेला.

"पण जळून का नाही गेलं? उपग्रह तर जळतात ना?"

बरेचसे जळतात, हो. साधा उपग्रह अ‍ॅल्युमिनियमचा पातळ डबा असतो, त्याला बाजूला सोलर पॅनल, आत वायरी. तो सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने हवेत घुसला की समोरची हवा इतकी दाबली जाते की ती भट्टीसारखी तापते आणि डबा फाटतो, वितळतो. पुष्कळ जणांना वाटतं हे घर्षणाने होतं, पण मुख्य उष्णता हवा दाबली गेल्यामुळे तयार होते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, त्याचाच हा राक्षसी प्रकार.

ही कॅप्सूल मात्र नेमकी याच प्रसंगासाठी बनवलेली होती, तेही शुक्राच्या हवेत ११ किलोमीटरच्या वेगाने घुसायला. तिच्यापुढे पृथ्वीची हवा सौम्य. म्हणून तज्ज्ञ आधीपासून सांगत होते की ही बहुधा अख्खी खाली येईल. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातले मार्को लँगब्रुक या कॅप्सूलवर खूप वर्षं नजर ठेवून होते, त्यांच्या हिशेबाने ती टिकली तर जमिनीवर आदळताना वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास असणार होता. पॅराशूट होतं पण ते उघडायला बॅटरी लागते आणि १९७२ ची बॅटरी ५३ वर्षांनी काय काम करणार.

एक बारीक मुद्दा पण आहे. कॅप्सूल तीव्र कोनात घुसायला बनवलेली होती, म्हणजे भयंकर ताप पण थोडा वेळ. कक्षेतून घसरत येणारी वस्तू मात्र अगदी तिरकी येते, ताप कमी पण जास्त वेळ. त्यात अर्धं शतक अंतराळातल्या उन्हा-थंडीत काढलेलं. त्यामुळे टिकेल असं छातीठोक कोणीच म्हणत नव्हतं, बहुधा टिकेल एवढंच म्हणत होते, आणि मला तसं बोलणारी माणसंच जास्त खात्रीची वाटतात.

"एवढे कॉम्प्युटर आहेत, मग जागा का नाही सांगता येत?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला आणि त्यात थोडा रागही होता, की चंद्रावर ठरलेल्या जागी उतरवता पण हे कुठे पडणार ते माहीत नाही. दोन्हीत फरक आहे. चांद्रयानाला इंजिन होतं, कॅमेरे होते, ते स्वतः रस्ता दुरुस्त करत होतं. हा एक मेलेला गोळा आहे, त्याचं भविष्य पूर्णपणे हवेच्या हातात.

आणि वरची हवा एकसारखी राहत नाही. सूर्य जास्त सक्रिय असला की तिथली विरळ हवा तापते आणि तव्यावरच्या भाकरीसारखी फुगून वर येते, मग उपग्रहांना जास्त घासते. सूर्याचं साधारण ११ वर्षांचं चक्र असतं आणि २०२४-२५ हा त्या चक्राचा जोराचा काळ. दोन दिवसांनी सूर्यावर काय होणार हे नक्की सांगता येत नाही, म्हणून हवा किती फुगेल ते सांगता येत नाही, म्हणून कॅप्सूल किती घासेल ते सांगता येत नाही. शिवाय ती वेडीवाकडी लोळत येते का एकाच बाजूने येते यावरही फरक पडतो.

साधारण ठोकताळा असा आहे की पडायला जेवढा वेळ उरलाय त्याच्या २० टक्के चूक धरून चालायचं. पाच दिवस उरले तर एक दिवस अलीकडे-पलीकडे. आता एक दिवस ऐकायला ठीक वाटतं, पण वेग आठवा. एका तासाची चूक म्हणजे २८,००० किलोमीटर, पृथ्वीचा घेरच मुळी ४०,००० आहे. एका मिनिटाची चूक झाली तरी पावणेपाचशे किलोमीटर, म्हणजे पुणे म्हणावं आणि पणजीच्याही पुढे पडावं. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत नकाशावर अर्ध्या जगावरून जाणाऱ्या रेषा दाखवत होते. ते काही लपवत नव्हते, खरोखर तेवढंच माहीत होतं.

शेवटी कळलं तेसुद्धा मजेशीर पद्धतीने. जर्मनीतल्या रडारला ती सकाळच्या एका फेरीत दिसली, पुढच्या फेरीला जेव्हा दिसायला हवी होती तेव्हा दिसलीच नाही. म्हणजे त्या दीड तासात कुठेतरी पडली. रोसकॉसमॉसने दिलेली अंदमानजवळची जागा हीसुद्धा गणितातून काढलेली आहे आणि बाकीच्या संस्थांचे अंदाज तिच्यापेक्षा थोडे इकडेतिकडे होते.

"आपल्या डोक्यावर पडलं असतं तर?"

पडू शकत होतं, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. तिची कक्षा विषुववृत्ताशी ५२ अंशांनी कललेली होती, म्हणजे ५२ अंश उत्तर ते ५२ अंश दक्षिण यामधलं काहीही तिच्या खाली येत होतं. अख्खा भारत त्यात आला. पण याच पट्ट्यात बहुतेक समुद्र आहे, मग वाळवंटं, डोंगर, जंगलं, आणि माणसं राहतात ती जागा त्या मानाने फार थोडी. अंतराळातली वस्तू पडून कोणी मेल्याची खात्रीची नोंद आजवर नाही. १९९७ मधे अमेरिकेत ओक्लाहोमामधे एका बाईच्या खांद्याला रॉकेटचा छोटा तुकडा लागला होता, तिला इजा झाली नाही.

काही मेसेजमधे अणुइंधन असल्याचंही फिरत होतं. या कॅप्सूलमधे तसं नव्हतं, ती बॅटरीवर चालणारी होती. लोकांच्या मनात भीती बसली ती वेगळ्या यानामुळे, आणि ती भीती उगाच नाही. जानेवारी १९७८ मधे कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह खरोखरच अणुभट्टीसकट कॅनडाच्या उत्तर भागात पडला होता आणि तिथे किरणोत्सारी तुकडे शोधत महिनोन् महिने काढावे लागले.

भरपाई कोण देतं?

याचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे आणि त्याची तारीख बघून मी थांबलोच. अंतराळातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीच्या जबाबदारीचा करार सह्यांसाठी खुला झाला २९ मार्च १९७२ ला. कॉसमॉस ४८२ सुटलं ३१ मार्चला. दोन दिवसांचा फरक.

कराराचा मुख्य नियम फार चांगला आहे. जमिनीवर नुकसान झालं तर ज्या देशाने यान सोडलं तो देश भरपाई देणार, त्याची चूक होती का नाही हे सिद्ध करायची गरज नाही. कॅनडाने याच कराराचा आधार घेऊन सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, १९८१ मधे ३० लाख मिळाले. आणि मालकी कधीच संपत नाही, म्हणजे ही कॅप्सूल उद्या कोणाच्या जाळ्यात आली तरी ती रशियाचीच.

आपल्याकडे हे लांबचं वाटतं, पण २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या, मोबाईलवर व्हिडिओ काढले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. जवळच पवनपारला एक गोळाही मिळाला. चीनच्या एका रॉकेटचे ते भाग असावेत असं अभ्यासकांनी कक्षा तपासून सांगितलं. ते कडं दोनशे मीटर इकडे एखाद्या घरावर पडलं असतं तर काय, हा प्रश्न तिथल्या लोकांना विचारून बघा. म्हणून एक सांगतो, असं काही शेतात दिसलं तर हात लावू नका, घरी नेऊ नका, रॉकेटच्या टाक्यांमधे विषारी इंधनाचा अंश असू शकतो. लांबून फोटो काढा आणि पोलिसांना कळवा.

"मग हा सगळा खर्च पाण्यातच गेला म्हणायचा?"

शब्दशः बघितलं तर गेला. पण जुळ्या भावंडाकडे बघा. व्हेनेरा ८ २२ जुलै १९७२ ला शुक्रावर दिवसाच्या बाजूला उतरलं आणि त्या भट्टीत ५० मिनिटं बोलत राहिलं. त्यावर प्रकाश मोजायचं यंत्र होतं, त्याने सांगितलं की ढग दाट असले तरी खाली फोटो काढण्याइतका उजेड आहे. पुढच्या यानांवर कॅमेरे चढवले गेले आणि ऑक्टोबर १९७५ मधे व्हेनेरा ९ ने शुक्राच्या जमिनीचा पहिला फोटो पाठवला. आपली इस्रोसुद्धा शुक्राकडे यान पाठवणार आहे, सप्टेंबर २०२४ मधे मंजुरी मिळाली आणि मार्च २०२८ ची तारीख ठरवली गेली. ते वरून फिरून बघणार आहे, उतरणार नाही.

मला हुरहुर लागते ती वेगळ्याच गोष्टीची. व्हेनेरा ८ ने खालच्या दगडातले किरणोत्सारी घटकही मोजले होते आणि त्यात पोटॅशियम चांगलं ४ टक्के निघालं, ग्रॅनाइटसारखं. नंतरच्या यानांना बहुतेक जागी बेसाल्ट सापडला, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखा काळा दगड. मग व्हेनेरा ८ उतरलं ती जागाच वेगळी होती, का मोजण्यात काही राहिलं, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, कारण त्या जागेचा तो एकच आकडा आहे. त्याच जातीचं दुसरं यंत्र, चार दिवस मागे, शुक्राच्याच वाटेवर निघालं होतं, आणि त्याच्या इंजिनला वेळेआधीच थांब म्हणून सांगितलं गेलं.